सीडीला लावलेला डिंक
डिंकाचा वास आला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सीडी नव्यानेच आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या पापडी गावात, वाडीत केळींना पाणी सोडताना आमची आत्या आमच्या बोलीतली लग्नाची गाणी म्हणायची. ती गेली, तिच्या आवाजाच्या एकुलत्या एका कॅसेटला बुरशी धरली, म्हणून फीत तुटता तुटता वाचलं तेवढं मी एकाच सीडीवर उतरवून घेतलं, आणि पुस्तकांसोबत हेही लोकांना मिळावं म्हणून वाचनालयाच्या कमिटीशी तीन बैठका भांडलो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ‘ठेवा एक, बघू.’ आठवड्याने ऐकायला गेलो. ग्रंथपालांनी सीडी लावली तर नुसती घरघर. बाहेर काढून पाहतो तर चकाकत्या बाजूवर वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि शेजारी डिंकाने घट्ट चिकटवलेली तारखांची पट्टी, पुस्तकात असते तशी! ‘अहो, काय केलंत हे?’ मी ओरडलोच. ते शांतपणे म्हणाले, ‘पट्टीशिवाय आपण काहीच घरी देत नाही. आणि ही बाजू कोरीच होती की.’ मी संतापाने ती पट्टी ब्लेडने खरवडली, आणि उरलीसुरली गाणीही गेली. पुढच्या बैठकीत अध्यक्ष काय म्हणाले? ‘म्हणून सांगत होतो, वाचनालयात पुस्तकंच बरी. डिंक लावून पुस्तक कधी बिघडलंय का?’ परवा तिथूनच फोन आला: आता संगणकाची खोली झालीय, जुन्या गाण्यांच्या जतनावर बोलायला याल का? मी विचारलं, ‘हल्ली डिंक कोणता वापरता?’ आणि फोन ठेवून दिला.