डाव्या हाताचा चाकू

चाकूला सगळ्यांत जास्त घाबरणारा माणूस पाहायचा असेल, तर जुन्या जालन्यात यावं आणि चाकू बनवणाऱ्या माझ्या साडूंना भेटावं. लेथ आणि मिलिंग मशीन मांडलेल्या लहानशा वर्कशॉपात ते हौशी लोकांना हवे तसे घडीचे चाकू करून देतात. नमुना आधी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून कापतात, त्यामुळे त्यांच्या कपाटात 'चि. सौ. कां.' अशी सोनेरी अक्षरं मिरवणारी पाती ढिगाने सापडतात. उघडलेलं पातं अडवून धरणारी एक पट्टी असते, तिला लॉक म्हणतात. ते निसटून पातं कुणाच्या तरी बोटावर मिटेल, या धास्तीने साडूंच्या अंगावर कधी मांस चढलं नाही. लॉक तपासताना ते बोटाच्या जागी भेंडी ठेवतात आणि पात्यावर लाकडाने ठोकतात. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगते की आमच्याकडे भेंडी शिजली की समजावं, लॉक बिघडलं. चाकू विकला तरी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन जातोच: बोटं बराबर आहेत ना?

आमचे सासरे जाफराबादजवळच्या खेड्यात राहत. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. पण अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि साधी मोसंबीसुद्धा सासूबाईंनी कापून द्यायची वेळ आली. त्यांनी साडूंकडे डाव्या हाताने उघडेल आणि मिटेल असा चाकू मागितला. साडूंची झोपच उडाली. लॉकची पट्टी नेहमी उजव्या अंगठ्याच्या सोयीची, म्हणजे आता सगळंच उलट्या बाजूने आखायचं. शिवाय म्हाताऱ्याच्या अंगठ्यात जोर किती उरलाय, कुणास ठाऊक. चाकू तयार व्हायचा आणि साडू तो मोडीत टाकायचे. "पट्टी जरा मऊ होऊन राह्यली," म्हणायचे. तिकडे सासऱ्यांची तब्येत उतरत चालली होती. शेवटी सासूबाईंचा निरोप आला, की काय द्यायचं ते माणूस आहे तोवर द्या. मग मात्र हाती होता तो चाकू पिशवीत टाकून साडू आणि मी एसटीने निघालो.

स्टँडवर पोलीस दिसताच साडूंना घाम फुटला. तो पकडेल या भीतीने ते आपणच जाऊन पिशवीत चाकू असल्याचं सांगून आले. त्याने बघायला मागितला, तर हात जोडून म्हणाले, "साहेब, उघडू नका, बोट कापंल." तो हसत निघून गेला.

सासरे ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला, अंगठ्याने पातं ढकललं आणि ते खट्‌ आवाज करून उभं राहिलं. लुळ्या उजव्या कोपराच्या भाराने मोसंबी मांडीवर दाबून सासऱ्यांनी ती कापली, आणि शेवटी चाकू मिटताना पात्याची धार अंगठ्याला लागली. रक्त आलं. साडू पांढरेफटक पडले आणि चाकू परत मागू लागले.

सासऱ्यांनी तो मुठीत घट्ट धरला. "न्हाई देत," ते म्हणाले. "लई दिसांनी माझ्या हातानं काही झालं, पाव्हणं."

मग त्यांनी मोसंबीची पहिली फोड साडूंपुढे धरली. साडूंनी ती एका हाताने घेतली आणि दुसऱ्या हाताने रुमाल पुढे केला.

सासरे पुढे काही महिनेच जगले. अंगठ्यावर बारीक पांढरी रेघ राहिली होती. साडू तिच्याकडे बघायचं टाळत. सासरे मात्र आल्यागेल्याला चाकू दाखवायच्या आधी ती रेघच दाखवत आणि कौतुकाने म्हणत, "आमच्या जावयाचं काम हाय."