बारावीचा भूगोल आणि अर्धा कोयता

आष्टीच्या ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवायचे. भूगोल म्हणजे कला शाखेच्या पोरांनी झोप काढायचा तास, हे मला रुजू झाले त्याच दिवशी इतर विषयांच्या सरांनी सांगून ठेवलं होतं. पुढे एका कंपनीने ऑनलाईन धड्यांची साईट कॉलेजला वापरायला दिली आणि प्राचार्यांनी ती माझ्या गळ्यात मारली, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले. मी मात्र हट्टाला पेटले. मोबाईल तोवर खिशाखिशात आले होते, पण कॉम्प्युटर आमच्या पोरांनी लांबूनच पाहिलेला. प्रत्येकाला साईटवर स्वतःचं नाव आणि पासवर्ड मिळाला, तर आपलं नाव पडद्यावर बघून बारावीची दांडगी पोरंही लाजली.

लाईट असली की नेट नसायचं आणि नेट आलं की लाईट जायची. तरी उपग्रहाचा नकाशा उघडला की माउससाठी नुसती झुंबड. जो तो आपलं गाव शोधायचा.

"मॅडम, आमचं शेत लई बारीक दिसतंय वो!"

"मुळात आहे केवढं ते?" मी म्हणायचे, आणि वर्ग खिदळायचा. तास कधी संपला ते मलाही कळायचं नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जात आणि ती आजीजवळ राहून शिके. बारावी पास व्हायचं, डी.एड. करायचं आणि मास्तरीण व्हायचं, हे तिचं पक्कं ठरलेलं. धड्याखालचे सगळे प्रश्न सोडवल्याशिवाय ती खुर्ची सोडत नसे. मागे उभी असलेली पोरं कितीही ओरडू देत.

एकदा सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, कारखाना दाखवता का? आई तितंच हाय."

मी शोधून दाखवला. धुराडं, रस्ता, बाजूचं मोकळं रान.

"खोपी कुटं हायत मग?"

फोटो उन्हाळ्यातला असेल, तोडणी संपल्यावर तिथे कुणी राहत नाही, असं मी समजावलं. ती तरीही त्या रानाकडे बघत राहिली. "मंजी आई दिसायचीच न्हाई," म्हणाली.

संक्रांत झाली आणि तिचे वडील कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिची आई पडली होती. कंबर गेली होती. तिला गावी आणून टाकलं होतं आणि आता ते पोरीला न्यायला आले होते. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

मी भडकले. परीक्षा तोंडावर आलीय, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आहे, असं काय काय बोलले. मग मीच तडजोडीवर आले. धडे कुठूनही बघता येतात, कारखान्याच्या गावात नेट कॅफे असेलच, तिथून तरी तिला अभ्यास करू द्या, म्हणाले.

"आसंल की," ते शांतपणे म्हणाले. "पर आमी उसाच्या फडात आसतो मॅडम. दिस उगवायच्या आदी जातो, अंधारात येतो. तुमी म्हनता ते खरं हाय. पर टोळीचा मुकादम अर्धा कोयता ठिवत न्हाई."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. भांडायला माणूस तरी मिळाला असता.

कॉम्प्युटरसमोर बसून ती सगळं ऐकत होती, पण रडली नाही. मी शिकवलं होतं तसं तिने साईटमधून बाहेर पडून कॉम्प्युटर नीट बंद केला आणि दप्तर उचललं. दारातून वळून म्हणाली, "मॅडम, माझं नाव त्याच्यातून काडू नका."

बोर्डाच्या परीक्षेला तिचा बाक रिकामा राहिला. नव्या वर्षी जुन्या मुलांची नावं काढायला कंपनीने सांगितलं, तेव्हा मी सगळी काढली, तिचं ठेवलं. पण पुढच्या वर्षी कंपनीने साईटच बंद करून टाकली. एका सकाळी उघडायला गेले तर काहीच नाही. "सुटलात मॅडम," इंग्रजीचे सर म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती मला स्टँडजवळ दिसली. तोडणीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोड्यांवर बसली होती. गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर तान्हं पोर, शेजारी कोवळा नवरा. मला बघताच तिचा चेहरा खुलला.

"मॅडम! माझं नाव हाय ना आजून?"

"आहे," मी म्हणाले.

"मग फुडच्या साली बसते परीक्षेला. पोरगं जरा मोठं हू द्या."

ट्रॅक्टर सुरू झाला. तिने पोराच्या तोंडावर पदर ओढला आणि हसून मला हात केला.