सुटलेल्या झेलाची फेरी

सुनंदाताई साबळे यांची नि माझी पहिली ओळख शिक्षेनेच झाली. तळवड्याच्या मैदानावर त्या मुलींना क्रिकेट शिकवायच्या, आणि मी तेव्हा नवखी होते. एका मुलीच्या हातून झेल सुटला आणि माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. ताईंनी झेल सोडणारीकडे पाहिलंसुद्धा नाही; मला मात्र मैदानाची पूर्ण फेरी मारायला लावली. झेल सुटला तर कुणी आवाज काढायचा नाही, हा त्यांचा नियम. जिच्या हातून सुटला तिला ते आधीच कळलेलं असतं, असं त्या म्हणतात. तेव्हा मला हा शुद्ध अन्याय वाटला होता. आज त्यांची सहायक म्हणून त्याच नियमाने मी पोरींना पळवते.

कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून दुपारी मैदान गाठायचं, हा ताईंचा क्रम निवृत्तीपर्यंत मोडला नाही. चाकणकडच्या खेड्यांतल्या मुलींना अंधार पडायच्या आत स्कूटरवरून घरी सोडणंही त्यांच्याकडेच. आमची कोमल त्यांतलीच. पोरीचं मैदान बंद, असा हट्ट एकदा तिच्या वडिलांनी धरला. ताई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या त्या होकार मिळेपर्यंत उठल्याच नाहीत. तीच कोमल यंदा देशाच्या संघातून आंतरराष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळली.

तो सामना आम्ही मैदानाशेजारच्या वसाहतीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिला. बाद फेरी म्हणजे हरलं की सामान बांधायचं. कोमलची आई, तिच्या गावची माणसं आणि आमच्या मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. विकेट पडताना जो जसा बसला होता त्याने तसंच राहायचं, असा हुकूम सुटला होता. पाणी प्यायलाही कुणी उठेना. शेवटच्या षटकात समोरच्या संघाला मोजक्या धावा हव्या होत्या आणि त्यांची जम बसलेली फलंदाज खेळत होती. तिने चेंडू उंच मारला. खाली कोमल होती. चेंडू तिच्या हातांत आला आणि निसटला.

"अरेरे" असं सगळ्यांत आधी म्हणाल्या त्या सुनंदाताई.

मागोमाग सगळा हॉल ओरडला. मग एकेक मान कोमलच्या आईकडे वळली. "एवढा सोपा व्हता राव," कुणीतरी म्हणालं. ती माउली तोंडाला पदर लावून बसली होती. ताई उठल्या. चूक माझी झाली, फेरी मारायला हवी, असं त्यांनी मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. कोमलच्या आईचा हात धरून म्हणाल्या, गुडघ्याचा भरवसा नाही, सोबत चला. सामन्याचे शेवटचे चेंडू शिल्लक होते. मीही चरफडत त्यांच्या मागे गेले.

"माझी पोर आता गावात कशी यायची वो ताई?" कोमलच्या आईने चालता चालता विचारलं. "लोकं तोंड वर करू द्यायची न्हाईत."

तेवढ्यात हॉलमधून गलका उठला. आनंदाचा की दुःखाचा, काही कळेना. माझा जीव टांगणीला लागला होता. ताईंनी चाल वाढवली नाही.

"गावाचं नंतर बघू. आधी मी तिला आणायला जाते," एवढंच त्या म्हणाल्या.

फेरी पुरी करून परतलो तेव्हा आपण हरलो होतो.

ताई खरंच विमानतळावर गेल्या. मी सोबत होते. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून कोमल बाहेर आली आणि आम्हाला पाहून जागीच थबकली. ताईंनी तिच्या खांद्यावरची किटबॅग काढून घेतली.

"ताई, माझ्यामुळं हरलो."

ताई खोटं बोलल्या नाहीत. "तो कॅच घ्यायलाच हवा होता. उद्या सकाळी ये, घेऊ."

कोमल गाडीत घरापर्यंत रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर हजर झाली. तिची आई स्वतः तिला सोडायला आली होती.

त्या दिवशीचं "अरेरे" खरंच निसटलं, की त्या माउलीला तिथून उठवायला ताईंनी मुद्दाम काढलं, हे मी एकदा विचारून पाहिलं. ताईंनी मला स्टंप ठोकायला पाठवलं.

ताईंनी साठी गाठली आहे. गुडघ्याला जपा, असं डॉक्टर सांगतात. त्यांनी यापुढे तरी ऐकावं, ही विनंती. ताईंना उदंड आणि धडधाकट आयुष्य लाभो, असं आम्ही सगळ्या मनापासून मागतो, आणि त्यात आमचा स्वार्थ आहे. आमच्या हातून अजून पुष्कळ झेल सुटायचे आहेत.