तरसमाळावर फुटलेला नारळ

चिलारवाडीच्या लालासाहेबांनी आयुष्यभर एकच काम जीव ओतून केलं, ते म्हणजे जमिनीला भोकं पाडणं. एकतीस वर्षं ते बोअरच्या गाडीवर ड्रिलर होते. गाडी तमिळनाडूची, तिच्यावरची पोरंही तिकडचीच. त्यामुळे रॉड आत उतरायला लागला की लालासाहेब तमिळमध्येच मोजायचे, ओन्नु, रेंडु, मूनु. वीसच्या पुढचे आकडे त्यांना येत नव्हते, आणि त्यांची कधी गरजही पडली नाही. विसाव्या रॉडपर्यंत पाणी लागलं नाही, तर समोरचा शेतकरी कुठलीच भाषा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसायचा.

हॅमरनं वर फेकलेली भुकटी चिमटीत धरायची, जिभेच्या टोकावर ठेवायची आणि सांगायचं, हा मुरूम, हा पाणी धरणारा मऊ मांजऱ्या, आता खाली काळा पाषाण. याला अख्ख्या खटाव तालुक्यात तोड नव्हती. "माझ्या आमटीची चव कवा कळली न्हाई, दगडाची बरी कळती," असं त्यांची बायको हरणाबाई म्हणायची. कंप्रेसरशेजारी जन्म गेल्यामुळे माणूस निवृत्त झाला तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. लालासाहेब ओट्यावर बसून नुसता चहा मागायचे आणि तीन घरं सोडून चौथ्या घरात आधण ठेवलं जायचं.

आता आमच्या या कोरड्या मुलखात बोअरची गाडी येते म्हणजे काय होतं, ते उसाच्या पट्ट्यात जन्मलेल्यांना सांगून कळायचं नाही. गाडीचा आवाज आला की घरात कुणी थांबत नाही. बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन येतात, मशीनला हार पडतो, हॅमरखाली नारळ फुटतो. आणि पाणी लागलंच, तर नव्वदीच्या म्हाताऱ्यासुद्धा त्या गढूळ कारंज्याखाली उभ्या राहून पोरींसारख्या खिदळतात. गाडी कुणाची, शेत कुणाचं, हे विचारायची पद्धत नाही.

ही पद्धतच अंगाशी आली.

गावाच्या डोक्यावर तरसमाळ आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं की तिथं काहीच नाही. गुडघाभर गवत, थोडी हिवराची झाडं, बोरी, खडक. पण त्या काहीच नसण्यात लांडग्यांची दोन कुटुंबं आहेत, चिंकारा आहेत, खोकड आहे, आणि माळाला नाव देणारं तरस आहे, जे गावात फार थोड्यांनी पाहिलं असून सगळे रोज पाहिल्यासारखं बोलतात. माळ अभयारण्य जाहीर झालाय. त्या वर्षी वनखातं जनावरांसाठी तिथं पाणवठा करणार, अशी बोलवा होती. म्हणून मार्चमधल्या एका सकाळी तीन मोठ्या गाड्या मशीन घेऊन माळाकडं वळल्या, तेव्हा चिलारवाडीनं दुसरा विचारच केला नाही. हलगी निघाली, ताटं निघाली, आणि नारळ अर्थातच लालासाहेबांच्या हातात आला.

काय रंग चढला त्या दिवशी. मशीन बघून लालासाहेबांना भरून आलं, एवढं मोठं धूड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. नारळ एका दणक्यात फुटला. लालासाहेब बासष्टाव्या वर्षी हलगीवर नाचले आणि नाचताना तमिळमध्ये विसापर्यंत मोजून परत एकपासून सुरू झाले. विश्वजित नावाचा एक तरुण इंजिनियर गाड्यांबरोबर आला होता, पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पिवळं हेल्मेट घातलेला. त्याला काही कळायच्या आत त्याच्या कपाळावर मळवट भरला गेला. त्यानं दोनदा हात वर करून काही सांगायचा प्रयत्न केला, पण हलगीपुढं त्याचं काय चालणार. शेवटी बिचाऱ्यानं खोबरं खाल्लं, फोटो काढले आणि सगळ्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी क्रांती आली. क्रांती तरसमाळाची वनरक्षक, गावातल्याच बौद्ध वस्तीतली, खाकी वर्दीतली आणि रागावलेली.

"काका, तुमी काल नारळ कशाचा फोडला, ठावं हाय का?"

"पाणवठ्याचा."

"त्येलाचा. जमिनीखालचं खनिज त्येल शोधत्यात ती लोकं. मशीन नुसतं आणून ठिवलंय, परवानगीचा अर्ज आत्ता गेलाय, जनसुनावणी हाय पुढल्या म्हयन्यात. त्याआधीच तुमी हार घालून बसला."

लालासाहेब आधी खो खो हसले. मग गावानं हसून घेतलं. दोन दिवस चिलारवाडीत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, आता गाव अरबस्तान होणार; कुणी पांढरा झगा शिवायला टाकायची भाषा केली. आणि खरं सांगायचं तर लालासाहेबांनाही मनातून गुदगुल्या होत होत्या. आपण चारशे फुटांना घाम गाळला, हे लोक दहा हजार फूट जाणार. त्यांच्याच्यानं राहवेना. ते सरळ माळावर गेले आणि विश्वजितच्या तंबूत जाऊन बसले.

पोरगं चांगलं होतं. त्यानं नकाशा उलगडून सगळं समजावलं. हा काळा पाषाण, त्याच्या खाली हे जुने थर, इथं तेल असू शकतं. लालासाहेब लहान मुलासारखे प्रश्न विचारत होते. मग त्यांनी नकाशातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. ठिपका माळाच्या माथ्यावर होता, जिथं सगळ्या माळाचं पाणी मुरतं आणि खालच्या झऱ्याला जातं.

"हितनं खाली जाताना वरचं पाणी कुठं जाईल, पोरा?"

"काका, भोकात पोलादी नळी असते, केसिंग. भोवती सिमेंट. एक थेंब हलणार नाही."

लालासाहेब चहा अर्धा ठेवून उठले. अर्धा चहा ठेवणारा माणूस नव्हे तो.

आठवड्याभरात कंपनीचा फलक लागला. फलकावर लालासाहेब. हातात फुटलेला नारळ, तोंड कानापर्यंत फाकलेलं, खाली ठळक अक्षरं: स्थानिकांकडून प्रकल्पाचं उत्स्फूर्त स्वागत. हरणाबाईनं फलकाकडं बराच वेळ बघितलं.

"आवं, दात तरी मिटून घ्यायचं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून लालासाहेबांना दुसरं काही सुचेना. क्रांतीनं सांगितलं होतं, की कंपनी तोच फोटो सुनावणीत दाखवणार. "तुमी उभं राहून खोडलं न्हाई, तर तीच गावाची संमती," ती म्हणाली होती. मग त्यांनी भाषणाची तयारी सुरू केली. गोठ्यात उभं राहून म्हशीला सांगितलं, की लांडग्याला उजेड चालत नाही. शेळ्यांना सांगितलं, की चंडोल जमिनीवर अंडी घालतो, डंपर खालचं बघत नाही. शेळ्यांनी भाषणाचा कागद खाल्ला. क्रांतीनं दुसरा लिहून दिला. मग गावाला ते भाषण पाठ झालं. पाणी भरताना बायका "गवताच्या तेहेतीस जाती" म्हणून एकमेकींना चिडवू लागल्या.

हरणाबाई तेवढी हसत नव्हती. सुनावणीच्या आदल्या दुपारी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ह्ये समदं क्रांतीला ठावं हाय. ती सांगंल. तुमाला जे ठावं हाय, ते तुमी कवा सांगणार?"

लालासाहेब कागद खिशात घालून गोठ्यात गेले, पण म्हशीला काही ऐकवलं नाही. आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे गावात लाइट गेल्यासारखंच; शेजारीण भिंतीवरून डोकावून बघून गेली.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव, माईक, बाटलीतलं पाणी, मधोमध सरकारी मॅडम, बाजूला लिहून घेणारा कारकून. पडद्यावर लालासाहेबांचा फोटो मांडवाएवढा झाला होता. विश्वजितनं नीट सांगितलं. जागा फक्त एक एकर लागेल, काम काही महिन्यांचं, गावातल्या पोरांना नोकऱ्या. लोक माना डोलावत होते. नोकरीचं नाव काढल्यावर मान आपोआप हलते, त्यात लोकांचा दोष नाही.

मग लालासाहेब उठले. त्यांनी माईक बाजूला सारला, त्याची त्यांना गरज नव्हती.

"मॅडम, त्या पडद्यावरचा येडा म्याच," ते म्हणाले आणि मांडव हसला. "आमच्याकडं मशीन दिसलं की नारळ फुटतो. उद्या यमाच्या रेड्याला मशीन लावलं, तरी आमी हार घालू. ती संमती न्हवं, ती आमची तहान हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"ह्या माळावरनं माझ्या बायकोनं काटक्यांची मोळी आणली, तवा ह्या क्रांतीनं ती जप्त केली. म्हणाली, काकी, अभयारण्य हाय, काडी उचलायची न्हाई. लय राग आला आमाला. पण बरोबर व्हती पोरगी. मग जितनं काडी उचलायची न्हाई, तितं दहा हजार फूट भोक पाडायचं, ह्यो कुठला कायदा? तुमी म्हणता, एकच एकर. म्या एकतीस वर्सं ह्येच केलंय, मला सांगू नगा. एकाला पाणी लागलं की शेजारी चार बोअर हुत्यात. त्येल लागलं तर तुमी एकावर थांबणार? आन् न्हाई लागलं, तर गाड्या घिऊन निघून जाणार. भोक हितंच ऱ्हाणार, रस्ता हितंच ऱ्हाणार, लांडगं तेवढं ऱ्हाणार न्हाईत. लागलं तरी माळ गेला, न्हाई लागलं तरी माळ गेला. असला बोअर म्या कुठल्या शेतकऱ्याला घिऊ दिला नसता."

टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून तमिळमध्ये "ओन्नु, रेंडु" ओरडलं. विश्वजित उठला आणि अगदी आदरानं म्हणाला, "काका, भावना समजते. पण केसिंग असताना पाणी जाईल कसं? याला काही पुरावा आहे का?"

मांडवाच्या कडेला बनुबाई बसली होती. पंचाहत्तरीची, एकटी राहणारी, शेजारी पाण्याची कळशी ठेवून. लालासाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढली. इथं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. टाळ्या मिळाल्या होत्या. पण हरणाबाई पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडंच बघत होती.

"हाय पुरावा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढं गेला नाही. "एकोणीस वर्सांमागं म्या माझ्याच रानात बोअर घ्येतला. बनुकाकूच्या इहिरीपास्नं हाकेच्या अंतरावर. साठ फुटाला पाणी लागलं. मला हाव सुटली, अजून खाली गेलो. केसिंग सोडायला पायजे व्हतं. म्या म्हणलं, सोडू की, घाई काय. दोनशे दहा फुटाला हॅमर धपकन खाली गेला. खाली भेग व्हती. वरचं समदं पाणी तिच्यातनं निघून गेलं. माझा बोअर कोरडा पडला. म्या त्याच्यावर दगूड ठिवला आन् गप बसलो."

लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पुढच्या म्हयन्यात काकूची इहीर आटली. समदं म्हणाले, दुस्काळ. म्याबी म्हणलं, दुस्काळ. पोरा, केसिंग मलाबी ठावं व्हतं. इमानदार माणूस व्हतो म्या, लय जणांचं संसार उभं केल्यात. पर एक दिस घाई झाली. तुमच्याकडं कुणाला कवा घाई हुणारच न्हाई, आसं लिहून देशील का?"

विश्वजित खरंच चांगला मुलगा होता. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तो खाली बसला.

बनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिला उठायला इतका वेळ लागला, की मॅडमसुद्धा अर्ध्या उठल्या. लालासाहेब मान घालून उभे होते, म्हातारी आता काय बोलेल ते बोलो, असे.

"मला ठावं व्हतं, लाला," ती म्हणाली.

लालासाहेबांनी मान वर केली.

"इहीर आटल्यापास्नं तू माझ्या दारात पाणी पीत न्हाईस. दिवाळीला येतोस, आखाडाला येतोस. तांब्या म्होरं केला की म्हणतोस, आत्ताच पिऊन आलो. एकोणीस वर्सं कुणी आत्ताच पिऊन येतंय व्हय रं?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. बनुबाईनं कळशीतून तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात पाणी काढणाऱ्या त्या माणसानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि इतक्या घाईनं तोंडाला लावला, की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं ते घटाघटा प्यायले. मग सवयीनं जिभेचं टोक टाळूला लावून क्षणभर थांबले.

"मांजऱ्यातनं आलंय," ते म्हणाले. "कुठलं गं ह्ये, काकू?"

"तरसमाळाच्या झऱ्याचं. इहीर गेल्यापास्नं तितनंच आणतीया. दुसरं हाय कुठं?"

मांडवातले सगळे पडद्याकडं बघायला लागले. फोटोत लालासाहेब त्याच झऱ्याच्या डोक्यावर नारळ फोडून हसत होते. मॅडमनी आपली बाटली बाजूला सारली आणि बनुबाईकडं तांब्या मागितला. त्यांच्यानंतर विश्वजितनं मागितला. मग पद्धतच पडल्यासारखी झाली, कळशी रांगेतून फिरू लागली. हलगीवाल्यानं न राहवून हलगीवर एक थाप मारली आणि बायकोनं डोळे वटारल्यावर थांबला.

कारकुनानं विचारलं, "मॅडम, यातलं काय नोंदवू?"

"सगळं नोंदवा," मॅडम म्हणाल्या. "पाणी कुठलं, तेही लिहा. आणि तो फोटो संमती म्हणून धरू नका."

निकाल काय लागेल तो वरून लागेल. संध्याकाळी फलकावरचा फोटो विश्वजितनं स्वतः उतरवला आणि गुंडाळी करून लालासाहेबांच्या घरी आणून दिला. हरणाबाईनं तो गोठ्याच्या छपरावर उलटा अंथरला. लालासाहेब घरी नव्हते. ते बनुबाईच्या ओट्यावर बसले होते आणि तिसऱ्यांदा पाणी मागत होते, इतक्या मोठ्यानं, की तीन घरं सोडून चौथ्या घरातली बाई तांब्या भरून दारात आली.