टपावरची माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. लिहायला बसतो आणि दुसरंच काही लिहून उठतो. आज तरी जमेल का?

गफूरचाचा गेल्या महिन्यात वारले. मंठ्याजवळ त्यांचं रान. बांधापलीकडे भावाचा निव्वळ साग — सरळ, रांगेत. चाचांनी मात्र कडुनिंब, करंज, सीताफळ, शिवण असं सगळं एकात एक लावलेलं. हे रान आहे का खिचडी, म्हणून भाऊ चारचौघांत हसायचा. मी तेव्हा पीएचडी करत होतो. दोन्हीकडची माती तपासायची होती. पाला कुजवायला मातीतले जीव जी विकरं — एन्झाइम्स — सोडतात, ती कुठं जास्त काम करतात — एवढाच माझा प्रश्न. चाचांचा निवाडाही त्यावरच व्हायचा होता. म्हणाले, "सर, तुमची मशीन सांगल ते बराबर. मंग भावाचं तोंड बंद."

ती माती बर्फात न्यावी लागते, नाहीतर विकरांचा जोर मरतो. सागाखालची नेली, नीट. दुसऱ्या दिवशी चाचांची — आणि एसटी वाटेत बंद पडली. मातीचा बर्फाचा डबा टपावर, भर उन्हात. मी खाली बाभळीच्या सावलीत पुस्तक वाचत. उतरवला तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालेलं.

परत जायला हवं होतं. एका दिवसाचं काम. मला — कसं सांगू — कंटाळा आला. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं का? मी तीच माती तपासली. आकडे पडलेले निघाले, निघणारच होते. तेच प्रबंधात लिहिले. चाचांना वाचूनही दाखवले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग मलाच चहा पाजला. त्या उन्हाळ्यात त्यांनी सगळी झाडं तोडली आणि साग लावला. तेव्हापासून मला डॉक्टरसाहेब म्हणायचे.

मयतीला गेलो. सगळ्यांसारखी मीही माती दिली. कब्रस्तानातून परतताना थोरला मुलगा रशीद शेजारून चालत होता. म्हणाला, "सर, अब्बा आखरीपर्यंत म्हणायचे, माझ्याच हातानं जमीन खराब झाली. खरंच खराब होती का हो?"

तो थांबून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हणालो, "होती."