पणजीचं माहेर

माझी पणजी इंग्लंडची. बोटीनं भारतात आली, आमच्या घरात लग्न करून राहिली आणि बाबा आठ वर्षांचे असताना गेली. बाई गेली की माहेरी कळवायचं, माहेरची साडी तिच्या अंगावर घालायची, ही आपली रीत. तिच्या माहेरी कुणी कळवलंच नाही. साडी शेजारणीनं दिली. बाबांना ते म्हातारपणीही सलत होतं.

आई गेल्यावर मी बाबांना अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. त्यांचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, पण पणजीचं माहेर रोज आठवे.

"माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर शोध," ते म्हणाले. "तिचं कुणी असेल तर कळवू."

हाताशी होतं फक्त तिचं प्रार्थनेचं पुस्तक. पहिल्या पानावर तिचं लग्नाआधीचं नाव, तीन शब्दांचं. मधलं नाव पुरुषाचं. म्हणजे बापाचं, त्यात कुणाला काय विचारायचं? मी एका वेबसाइटची मेंबरशिप घेतली आणि त्या नावाचा बाप शोधत बसले. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जनगणनेचे कागद, सगळं पालथं घातलं. पाच महिने. त्या नावाच्या एका लोहाराला तर मी खापरपणजोबा ठरवून मोकळी झाले. बाबांनी लॅपटॉपसमोर त्याला हातही जोडले.

मग ऑफिसात एका इंग्लिश सहकाऱ्याला जेवताना हे सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यांच्याकडे मधल्या नावाचा बापाशी काही संबंध असायलाच हवा असं नाही, तो म्हणाला. हे बहुतेक तिच्या आईचं माहेरचं आडनाव असणार, तसं ठेवायची पद्धत होती.

मला माझाच संताप आला. एवढी शिकलेली मी, आणि सगळं जग आपल्यासारखंच नाव लावतं असं धरून चालले होते. त्या पाच महिन्यांत बाबांच्या डोक्यातून काय काय निसटून गेलं, ते मी बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी दोन्ही आडनावं घालून शोधलं. अर्ध्या तासात सापडलं. एक खेडं, आई, बाप, दोन धाकटे भाऊ. भावांची नातवंडं-पतवंडं कुठेतरी असणारच. मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत धावले.

"बाबा, पणजीचं माहेर मिळालं."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे, पाहुण्या बाईकडे बघावं तसं.

"छान झालं हो," ते म्हणाले. "तुमचं माहेर कुठलं?"

तुम्हीच की, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांनी इतक्या अदबीनं विचारलं होतं की मी पुणं म्हणून सांगितलं.

"लांब आहे. कोण असतं तिथे?"

"वडील," मी म्हणाले.

"मग कळवत जा त्यांना अधूनमधून. वाट बघत असतील."