मास्तर परीक्षक होतात तेव्हा

माझ्या मुलीच्या गाण्याच्या मास्तरांइतका वाईट परीक्षक उभ्या महाराष्ट्रात नसेल, आणि खरं म्हणजे ते परीक्षक नाहीतच. सेनगावात शाळेमागच्या खोलीत ते गाणं शिकवतात. पण परीक्षा जवळ आली, की भर उन्हाळ्यात लोकरी कोट चढवून ते शिष्यांसमोर परीक्षक होऊन बसतात. आलाप जरा रंगला, की घड्याळ बघतात. तान घेतली, की खिडकीतून चहावाल्याला हाक मारतात. समेवर नेमके शिंकतात. त्यांची जांभई तर अशी, की शेजारच्या गोठ्यातली शेळी उत्तर देते.

माझ्या बायकोनं एकदा विचारलंच, "मास्तर, लेकराला शिकवून राहिले का छळून राहिले?"

"वहिनी, घरी छळ सोसला म्हंजे तिथं सगळं लाडाचं वाटतं."

मी हिशेबी माणूस. मला हे गणित पटत नव्हतं. पण दुसरा इलाजही नव्हता. गेल्या वर्षी मुलगी परीक्षेला बसली, तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. रडत उठून आली. यंदाही तसंच झालं तर गाणं बंद, असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

परीक्षेला मास्तर आमच्यासोबत हिंगोलीला आले. प्रत्येक शिष्यासोबत ते जातातच. मुलगी आत गेली, दार अर्धं उघडं राहिलं. आणि झालं भलतंच. परीक्षक बाई फार चांगल्या निघाल्या! गोड हसल्या, "पाणी हवं का बाळा?" म्हणाल्या, पेन खाली ठेवून मन लावून ऐकायला बसल्या. या वागण्याची तालीम कुणी घेतलीच नव्हती. तानपुरा वाजत राहिला, पोरगी गप्प.

वऱ्हांड्यात मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जबडा फाकवला आणि ती जांभई दिली. शिपाई धावत आला, "ओ काका, झोपायचं तर घरी जा ना!" आत मात्र भूप सुरू झाला होता. तो शेवटपर्यंत गेला.

परतताना जीपमध्ये मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. मी मास्तरांना म्हणालो, "तुम्ही होतात म्हणून निभावलं."

ते बाहेरच्या उघड्या शेतांकडे बघत म्हणाले,

"मी बी परीक्षेतून असाच उठून बाहेर आलो होतो, भाऊ. तिच्याच वयाचा होतो. वऱ्हांड्यात कुणीच नव्हतं. मग परत आत जायचं काहून, तेच समजलं न्हाई."